मैदानाचं फाटक पिल्लांसाठी उघडा: वसाहतीच्या व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

दहा आठवड्यांपूर्वी मैदानाच्या फाटकावर एक सूचना लागली. ‘मैदान, बाग व तळ्याकाठची वाट येथे पाळीव कुत्र्यांना कोणत्याही वेळी प्रवेश नाही. कुत्र्यांना मागच्या फाटकातून थेट रस्त्यावर न्यावे.’ खाली सही आणि शिक्का. कारण दिलेलं नाही, मुदतही दिलेली नाही.

त्यानंतर मी समितीला दोन पत्रं दिली. पहिल्याची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दुसरं द्यायला गेले तेव्हा ‘तो विषय आता संपलाय’ असं तोंडी सांगितलं गेलं. माझ्या घरात तो रोज पहाटे नव्याने समोर येतो, म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर ठेवते आहे. ज्यांना कुत्री आवडत नाहीत, ज्यांना त्यांची भीती वाटते, त्यांनी ते जरूर वाचावं. मी जे मागते आहे त्यात त्यांचंही हित आहे असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे दोन पिल्लं आहेत, चिंगी आणि बंड्या. एकाच वेतातली बहीण-भाऊ. ८ आठवड्यांची असताना घरी आली. तुमची सूचना लागली त्या आठवड्यात ती १२ आठवड्यांची झाली. आज २२ आठवड्यांची आहेत. हे आठवडे असे मोजून का सांगते आहे, ते पुढे लक्षात येईल.

सूचना कशामुळे आली हे मला ठाऊक आहे. एका संध्याकाळी एक मोठा कुत्रा पट्ट्याशिवाय मैदानात सोडला होता. तो एका खेळणाऱ्या मुलाच्या दिशेने धावत सुटला, मूल घाबरून पळालं, पडलं, गुडघा फुटला. कुत्रा चावला नाही. तरी त्या मुलाला आणि त्याच्या आईला जे वाटलं ते खरं आहे, आणि ते क्षुल्लक आहे असं मी कधीच म्हणणार नाही. त्या कुत्र्याच्या मालकाला जाब विचारायला हवा होता. तो कुणी विचारला नाही. त्याऐवजी सगळ्याच कुत्र्यांना फाटकाबाहेर काढलं. सुक्याबरोबर ओलंही जळावं तसं झालं. पट्टा हातातून कधी न सोडणारे, खिशात पिशव्या घेऊनच घराबाहेर पडणारे, सगळ्यांना एकच शिक्षा. तो मोठा कुत्रा आजही पट्ट्याशिवायच फिरतो. आता रस्त्यावर फिरतो, एवढाच फरक.

समितीतल्या ज्यांनी कधी पिल्लू वाढवलेलं नाही, त्यांना आधी सांगायला हवं की पिल्लाला बाहेर नेणं म्हणजे काय असतं. पाय मोकळे करणं आणि शी-शू उरकणं हा त्यातला लहानसा भाग झाला.

पहिले चार आठवडे तर आम्ही मैदानात चाललोच नाही. लशीचे डोस पूर्ण व्हायचे होते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असते तोवर लस नीट लागू पडत नाही, आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशन ही पशुवैद्यकांची जागतिक संघटना सांगते की डोस दर २ ते ४ आठवड्यांनी, पिल्लू किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावेत. तोवर पार्वोची धास्ती असतेच. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत जातो आणि तिथे महिनोन्‌महिने तग धरतो. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू समजावून सांगितल्या होत्या. अनोळखी कुत्री जिथे फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका, पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घ्या आणि जग दाखवा.

मी तेच केलं. सकाळी एक पिल्लू, संध्याकाळी दुसरं. बाकावर जाड चादर अंथरायची, पिल्लाला मांडीवर घ्यायचं आणि वीस मिनिटं नुसतं बसायचं. रोज एक नवी गोष्ट, एवढाच नेम. एक वही केली आणि त्यात लिहीत गेले. ती वही आत्ता समोर आहे.

चिंगी, तिसरा दिवस: बाबागाडी. कान ताठ, लगेच शेपटी हलली.

बंड्या, तिसरा दिवस: बाबागाडी. माझ्या काखेत तोंड खुपसलं.

बंड्या, पाचवा दिवस: बाबागाडी, लांबून. पाहिलं, जांभई दिली, खाऊ घेतला.

बंड्या, आठवा दिवस: बाबागाडी शेजारून गेली. मान वळवून चाकांकडे पाहत राहिला.

छत्रीला सहा दिवस लागले. आधी मिटलेली छत्री बाकावर ठेवली. मग अर्धी उघडून चादरीवर. तिच्याभोवती खाऊचे तुकडे. उघडताना होणारा ‘फट्’ आवाज शेवटी, आणि तोही आधी वीस पावलांवरून. सातव्या दिवशी पाऊस आला, मी छत्री उघडली आणि बंड्या तिच्याखाली शांत बसून पडणारे थेंब बघत होता. बाहेरच्यांना ही फार छोटी गोष्ट वाटेल. मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

आणि तळमजल्यावरच्या आजी. त्यांना लहानपणी कुत्रा चावला होता, तेव्हापासून भीती बसलेली. काठी टेकत फेरी मारायच्या आणि आमचा बाक आला की चार हात लांबून जायच्या. ‘काही करत नाही हो तो’ असं मी त्यांना एकदाही म्हटलं नाही. ज्याला भीती वाटते त्याला ते वाक्य ऐकवू नये, त्याने भीती जात नाही आणि माणूस एकटा पडतो. एक दिवस आजी स्वतःच थांबल्या. ‘हा सारखा माझ्या काठीकडे काय बघतो गं?’

‘आजी, त्याने काठी कधी पाहिलेली नाही.’

आजींनी थोडा विचार केला. मग काठी बाकाला टेकवून उभी केली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. बंड्याने मान लांब करून काठीचं रबरी टोक हुंगलं. हुंगतच राहिला. ‘एवढं काय असतं त्यात?’ आजींनी विचारलं. मी त्यांना सांगितलं की आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी असतात सुमारे ५० ते ६० लाख, आणि कुत्र्यांच्या कित्येक जातींमध्ये त्या २० कोटींच्या वर असतात. आजी काठीच्या टोकाकडे बघत म्हणाल्या, ‘म्हणजे मी कुठे कुठे जाऊन आले ते सगळं याला कळलं.’ त्यानंतर त्या रोज त्याच बाकावर बसू लागल्या. अंतर दर दोन-तीन दिवसांनी वीतभर कमी व्हायचं. त्यांनी बंड्याला हात लावण्याआधीच तुमची सूचना लागली.

आता आठवड्यांचा हिशोब. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की त्यात जे जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं ते ओळखीचं होऊन बसतं. त्यानंतर दिसणाऱ्या नव्या गोष्टीकडे पिल्लू आधी संशयाने पाहतं. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. उंच कुंपणाच्या आत, माणसाचा संपर्क न येऊ देता वाढवलेल्या पिल्लांपैकी काही दुसऱ्या, काही तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणली. काही पिल्लं मात्र चौदाव्या आठवड्यापर्यंत तशीच ठेवली. ही शेवटची पिल्लं माणसाच्या जवळ येईनात. त्यांना कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. माणूस वेळेवर दिसला नव्हता, इतकंच झालं होतं.

अमेरिकेतली प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांची संघटना २००८ पासून सांगत आली आहे की लशीचा पहिला डोस होऊन आठवडा झाला आणि जंताचं औषध दिलं की पिल्लाला जग दाखवायला सुरुवात करावी, सगळे डोस संपायची वाट पाहू नये. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचून मी खूप वेळ तशीच बसून राहिले होते. तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण संसर्गजन्य रोग नसून वर्तनाच्या समस्या हे आहे. भेदरलेलं पिल्लू मोठं होतं, कुणावर तरी धावून जातं, मग त्याला सोडून दिलं जातं किंवा त्याचा जीव घेतला जातो. या प्रवासाची सुरुवात पुष्कळदा न दाखवलेल्या बाबागाडीपासून आणि न दाखवलेल्या काठीपासून होते.

तुम्ही फाटक बंद केलंत तेव्हा बंड्याच्या त्या काळातले शेवटचे दोन आठवडे उरले होते. ते आम्ही रस्त्यावर काढले.

मागच्या फाटकाबाहेरचा रस्ता तुम्ही रोज गाडीतून पाहता. जमिनीपासून वीतभर उंचीवरून तो कसा दिसतो हे एकदा वाकून पाहा. पदपथ नाही. ट्रकचं चाक पिल्लाच्या दुप्पट-तिप्पट उंच. आपल्याला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४० हजारांच्याही पुढचा. ब्रेकची जी किरकिर आपण कानाआड करतो ती त्याच्या डोक्यात घुसते. उन्हाच्या दिवसांत डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गादीला, आणि तोही जेमतेम, बाकी उष्णता त्याला मुख्यतः धापा टाकून बाहेर काढावी लागते. मैदानातलं गवत शंभर पावलांवर आहे.

वहीची पुढची पानं अशी आहेत.

बंड्या: हॉर्न. मागे ओढ घेतली.

बंड्या: हॉर्न. खाऊ घेतला नाही.

बंड्या: ट्रक. जागच्या जागी शू.

बंड्या: फाटकापाशी बसला. बाहेर आला नाही.

बंड्या: फाटकापाशी बसला.

‘खाऊ घेतला नाही’ ही ओळ साधी दिसते. पिल्लू वाढवणारा माणूस ती वाचून थबकतो. समोर आवडीचा घास आहे आणि पिल्लाला तो दिसतही नाही, म्हणजे शिकण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली आहे, आता उरली आहे ती फक्त भीती. मागच्या फाटकाखाली नाल्यावर लोखंडी जाळी आहे. बंड्या त्या जाळीच्या अलीकडे चारही पाय रोवून उभा राहतो. मी त्याला ओढत नाही. जाळीशेजारी खाली बसते. कधी वीस मिनिटं, कधी अर्धा तास. मागून गाड्या हॉर्न वाजवतात, कारण आम्ही फाटकाच्या वाटेत असतो.

चार दिवसांपूर्वी जिन्यात जे झालं ते लिहायचं की नाही यावर मी दोन रात्री विचार केला. माझ्याविरुद्ध वापरलं जाईल अशी भीती वाटली. तरीही लिहिते, कारण ते लपवून मी प्रामाणिकपणे काही मागू शकणार नाही. वरच्या मजल्यावरचा लहान मुलगा जिन्यावरून धावत खाली आला. हाच मुलगा मैदानातल्या बाकापाशी येऊन तळहात उघडा धरायचा आणि बंड्याने हुंगेपर्यंत शहाण्यासारखा थांबायचा. मीच शिकवलं होतं त्याला. बंड्या भिंतीला चिकटला, शेपटी पोटाखाली गेली, ओठ चाटले, मग अंग ताठ केलं आणि गुरगुरला. जन्मल्यापासून पहिल्यांदा. मुलगा जागेवर थांबला. मी बंड्याला रागावले नाही. गुरगुरणं हा इशारा असतो. तो दडपला तर पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देताच चावू शकतो. मी दोघांमध्ये उभी राहिले. मुलगा म्हणाला, ‘मावशी, मी तर ओळखीचा आहे ना त्याच्या?’

या प्रश्नाचं उत्तर मला समितीकडून हवं आहे.

ज्या एका मुलाला वाचवायला हा नियम केलात, तशाच दुसऱ्या मुलाला त्याच नियमामुळे धोका निर्माण होतो आहे. कुत्र्याचा चावा पुष्कळदा भीतीतून येतो. ज्या वसाहतीत कुत्री आहेत आणि राहणार आहेत, तिथे ती भेदरट व्हावीत अशी व्यवस्था करणं यात कुणाचीही सुरक्षा नाही.

आता बाकीच्या तक्रारी. काही थोडक्यात सांगते, काहींना जरा वेळ लागेल.

मागच्या फाटकावरच्या रखवालदारांना तोंडी सूचना आहे की एका घराची कुत्र्यासह दिवसातून दोनदाच ये-जा. ही कुठेही लिहिलेली नाही. रखवालदार बिचारे हुकमाचे ताबेदार, मला अडवताना त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. पण एका वेतातली दोन पिल्लं एकत्रच फिरवली तर काय होतं ते ऐका. चिंगी धीट आहे. ती पुढे असली की बंड्या तिच्या कुशीला लागून काहीही ओलांडतो, आणि आपल्याला वाटतं, शिकला. तिला घरी ठेवून त्याला एकट्याला न्या, तो पहिल्याच वळणावर बसतो. त्याने जग ओळखलेलं नसतं, त्याने फक्त बहिणीचा आधार धरलेला असतो. म्हणून दोघांना वेगवेगळं न्यावंच लागतं. सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी दोन, आणि जमलं तर एखादी दोघांची मिळून. दोन पिल्लं वाढवणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. दोन फेऱ्यांच्या नियमात माझ्यासमोर रोज एकच निवड उरते, आज कुणाला घरी ठेवायचं.

चिंगीचं दुखणं वेगळं आहे. तिला भीती वाटत नाही, तिला कामच उरलेलं नाही. मैदानात मी तिला बाकावरच्या चादरीवर मोकळं बसू द्यायचे, पट्ट्याचं टोक कायम माझ्या हातात. ती चादरीच्या घड्यांत लपवलेला खाऊ शोधायची, तळ्याकाठी बेडकाने उडी मारली की अख्खी थरारायची, मग तिथूनच पंधरा मिनिटं हवा हुंगत राहायची. घरी आली की तीन तास गाढ झोप. २०१९ मध्ये ड्युरांटन आणि होरोविट्झ या संशोधकांनी कुत्र्यांच्या दोन गटांची तुलना केली होती. एका गटाने दोन आठवडे वासावरून वस्तू शोधण्याचा सराव केला, दुसऱ्याने मालकाच्या पायालगत चालण्याचा. त्यानंतर एक अनिश्चित वाडगं समोर ठेवलं, त्यात खाऊ असेल किंवा नसेल. वास घेणाऱ्या गटातली कुत्री त्याच्याकडे आधीपेक्षा लवकर, जास्त आशेने गेली. दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. हुंगू द्यायला मोकळी जमीन लागते. रस्त्याकडेला गाड्या चुकवत चालताना मी चिंगीला जेमतेम पायालगत ठेवू शकते. ती आता दिवसभर बाल्कनीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकते. गेल्या आठवड्यात त्या भुंकण्याची लेखी तक्रार समितीकडे आली, आणि तिची नोटीस मला तीन दिवसांत मिळाली. माझ्या पत्रांचं उत्तर दहा आठवड्यांत आलेलं नाही.

स्वच्छतेबद्दल जे म्हटलं जातं त्यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. मैदानात विष्ठा पडून राहायची. मुलं तिथे खेळतात, आणि कुत्र्याच्या विष्ठेतून टोक्सोकॅरा या गोलकृमीची अंडी मातीत जातात, ती मुलांच्या हातातोंडाशी जाऊ शकतात. पण हेही लक्षात घ्या की विष्ठा पडल्या पडल्या ती अंडी संसर्गक्षम नसतात. त्याला हवामानानुसार एक ते चार आठवडे लागतात. म्हणजे जो मालक विष्ठा तिथल्या तिथे उचलतो आणि पिल्लाला वेळेवर जंताचं औषध देतो, तो धोका मुळातच संपवतो. झाकणाचे दोन डबे ठेवा अशी विनंती सूचना लागण्याच्या कितीतरी आधी काही जणांनी केली होती. डबे आले नाहीत, बंदी आली. आणि आता तीच घाण मागच्या रस्त्याच्या कडेला पडते, जिथून शाळेत जाणारी मुलं चालतात.

‘मोठी होऊ द्या, शिकवून आणा, मग पाहू,’ असं एका सदस्यांनी मला सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण हे गणित उलटं आहे. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे कसे घडतात ते पाहा. ती पिल्लं दोन महिन्यांची झाली की स्वयंसेवक कुटुंबांकडे दिली जातात, आणि ती कुटुंबं त्यांना गर्दीत, दुकानांत, स्टेशनांवर नेतात. रीतसर प्रशिक्षण त्यानंतर, वर्षभराने सुरू होतं. जग आधी आणि आज्ञा नंतर, असाच तो क्रम आहे. शिवाय पुढचा काळ सोपा नाही. २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की ५ महिन्यांचं असताना मालकाचं ऐकणारं पिल्लू ८ महिन्यांचं झालं की त्याच मालकाचं कमी ऐकतं. पौगंडावस्था त्यांनाही असते. माझी दोघं पाच महिन्यांची आहेत. या तीन महिन्यांत जो पाया घालायचा तो घातला गेला नाही, तर पुढे मला आणि तुम्हालाही ते जड जाईल.

शेवटची तक्रार माझ्या घराची नाही. शेजारच्या इमारतीत एका कुटुंबाकडे ९ आठवड्यांचं पिल्लू आलं आहे. नियम मोडायला नको म्हणून त्यांनी त्याला अजून एकदाही घराबाहेर काढलेलं नाही. ती सरळ माणसं आहेत, वाद नको म्हणतात. त्यांच्या हातात फार तर चार-पाच आठवडे आहेत. समितीची पुढची बैठक सहा आठवड्यांनी आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

या एका विषयासाठी सात दिवसांत बैठक बोलवा. कुत्री असलेल्या घरांना बोलवा, आणि कुत्र्यांची भीती वाटणाऱ्यांनाही बोलवा. तळमजल्यावरच्या आजींना विचारा, त्या येतील.

सकाळी उजाडल्यानंतरचा एक तास आणि रात्री मुलांचा खेळ संपल्यानंतरचा एक तास मैदान व तळ्याकाठची वाट कुत्र्यांसाठी खुली ठेवा. दुपारची वेळ देऊ नका, तापलेल्या उन्हात ती निरुपयोगी आहे.

खेळण्यांचा भाग कुत्र्यांसाठी कायम बंद ठेवा. या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पट्टा सक्तीचा करा. जो सोडेल त्याला आधी समज द्या, पुन्हा सोडला तर त्याचा प्रवेश थांबवा. त्याचा एकट्याचा.

१६ आठवड्यांखालच्या पिल्लांना, कडेवर किंवा मांडीवर असतील तर, कोणत्याही वेळी बाकावर बसू द्या. याला बैठकीचीही गरज नाही. अध्यक्षांनी उद्या एक ओळ लिहिली तरी शेजारच्या त्या पिल्लाचं आयुष्य बदलेल.

झाकणाचे दोन डबे ठेवा. विष्ठा न उचलणाऱ्यावर तशीच कारवाई करा, जशी पट्टा सोडणाऱ्यावर.

फाटकावर बंदीच्या पाटीच्या जागी दुसरी पाटी लावा. विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावू नये. कुत्रा जांभया देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, ताठ होतो, तेव्हा त्याला अंतर हवं असतं. ज्या कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळी फीत बांधली आहे त्याच्या जवळ जाऊ नये. ही फीत अनेक देशांत वापरात आहे. बंड्याच्या पट्ट्याला मी ती कालच बांधली.

फेऱ्यांवरची तोंडी मर्यादा मागे घ्या. यापुढे जो नियम असेल तो लेखी असावा, कारणासह आणि मुदतीसह.

हे सगळं तीन महिने करून बघा. तक्रारींची एक वही ठेवा. तीन महिन्यांनी ती सगळ्यांसमोर उघडा आणि मग ठरवा. वहीत माझ्या पिल्लांविरुद्ध नोंद निघाली तर मी ती मान्य करेन आणि ठरेल तो निर्णय पाळेन. सकाळच्या वेळेनंतर मैदानाची फेरी मारून पडलेलं उचलण्याचं काम मी स्वतः घेते, फक्त माझ्या कुत्र्यांचं नव्हे, सगळ्यांचं. आठवड्यातून एकदा मुलांना कुत्र्याजवळ कसं जावं हे शिकवायलाही तयार आहे. वरच्या मजल्यावरचा तो मुलगा मदतीला येईल, त्याला तळहात कसा धरायचा ते अजून आठवतं.

तोवर नियम मोडणार नाही. उद्या सकाळी साडेसहाला मी आणि बंड्या मैदानाच्या फाटकापाशी असू, बाहेरच्या बाजूला, जिथून गवत दिसतं. समितीपैकी कुणीही या. वाकू नका, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, हात पुढे करू नका. दहा पावलं अंतर ठेवून उभे राहा. त्याने खाऊ घेतला तर एक पाऊल पुढे या. नाही घेतला तर तिथेच थांबा, मीही थांबेन.

आपली नम्र,
चिंगी आणि बंड्याची पालक,
वसाहतीतील एक रहिवासी